जाळीतली खुर्ची

१

व्हरांड्यातली वेताची खुर्ची जागची हलवायची नाही, असे प्रमोदिनीबाईंनीच घरात बजावले होते. तिच्यावर मच्छरदाणी टांगली तीही त्यांनीच, आणि एका संध्याकाळी आपल्या गरोदर सुनेला तिच्या शेजारी बसवले तेही त्यांनीच. या तिन्ही गोष्टी बाई कोणी विचारण्यापूर्वी सांगून टाकतात. आधी काय केले ते सांगावे, का केले ते मागाहून, असा त्यांच्या वर्गाचा शिरस्ता होता.

बंगळूरजवळच्या येलहंक्यातल्या एका शाळेत बाईंनी जीवशास्त्र शिकवले. यजमान पद्माकरराव सरकारी संशोधनसंस्थेत होते. विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो, हे पाहण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर दोघांची संध्याकाळ ठरलेली असे. लांबट व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, मधुमालतीचा वेल, चहाचे दोन कप, आणि समोर अंगणात पाण्याची दगडी डोणी. डोणीत पद्माकररावांनी कुमुदिनी लावली होती आणि गप्पी मासे सोडले होते. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेत चढवताना ते बाईंना ‘येतो हं’ म्हणाले. आले नाहीत.

ते गेल्यावर आठवडाभरात डोणीतले मासे संपले. बाईंना त्याचे नवल वाटले नाही. कुंपणाच्या भिंतीवर एक ढोकरी येत असे. बसली की मातकट दिसे आणि उडाली की पांढरीशुभ्र. खुर्चीत माणूस असेपर्यंत ती भिंतीवरून खाली उतरत नसे. खुर्ची रिकामी झाली, ढोकरी डोणीच्या काठावर आली आणि तिने एकेक मासा टिपला. बसल्या जागेवरून एक म्हातारा माणूस इतक्या माशांची राखण करत होता, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

आषाढात बाईंनी डोणीत नवे मासे सोडले. ढोकरी दुसऱ्याच दिवशी आली. बाई आतल्या खोलीत पडद्याआड उभ्या होत्या. व्हरांड्यात कोणी नव्हते. आता ती उतरणार, झडप घालणार, म्हणून बाई पाहत राहिल्या. ढोकरीने मान खांद्यांत ओढून घेतली. तिचा पिवळा डोळा रिकाम्या खुर्चीवर खिळला होता. अंधारून आल्यावर ती उपाशीच उडून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशीही तेच.

खुर्चीला भ्यावे, तर ही तीच खुर्ची होती. तिच्या देखतच या पक्ष्याने डोणी रिकामी केली होती. मग आता काय बदलले?

२

शेजारच्या सोयराबाई जुन्या बंगळूरकर मराठ्यांपैकी. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले, ते इथलेच झाले. भिंतीपलीकडून हाक मारण्याऐवजी फाटकातून येऊन पायरीवर बसण्याची त्यांची जुनी सवय होती.

त्या दिवशीही त्या फाटकातून आल्या. अंगण ओलांडताना त्यांचा हात नकळत खांद्याकडे गेला, आणि व्हरांड्याशी येईपर्यंत डोक्यावर पदर आला होता. तोही नीट, कपाळापर्यंत. मग त्या खाली मान घालून पायरीच्या एका कडेला बसल्या.

बाई पाहतच राहिल्या. "सोयराबाई, पदर कोणासाठी घेतलात?"

"कुठला पदर?" सोयराबाईंनी डोक्याला हात लावला आणि त्या खळखळून हसल्या. "अय्यो! हे बघा की! अण्णा खुर्चीत बसलेले असायचे ना, तेव्हाची सवय. म्हातारीला काय कळतंय आता."

"पण गेले सहा महिने तुम्ही येता, तेव्हा घेत नव्हता."

"ते पण खरं की अक्का." सोयराबाई थोड्या गोंधळल्या, पण गोंधळात फार वेळ रमणारी ती बाई नव्हे. "ते सोडा. मी काय सांगायला आले, तुमचं पुण्य थोर. त्या पलीकडच्या अर्धवट बिल्डिंगच्या तळघरात गुडघाभर पाणी साचलंय. सगळ्या गल्लीत डास. पण माझ्या घरात एक नाही! सगळे तुमच्या व्हरांड्यात. जत्रा भरलीय नुसती. एवढं काय गोड आहे हो तुमच्याकडे?"

"मी एकटी म्हातारी. माझ्यात काय गोड असणार?"

"मग कोणाला चावायला येतात मेले?" असे म्हणून सोयराबाईंनी चहा संपवला आणि त्या उठल्या. जाताना फाटकापाशी पोहोचल्यावर त्यांनी पदर खाली घेतला. अगदी पूर्वी घेत तसाच, तिथेच.

बाई वर्गात एक गोष्ट दरवर्षी सांगत असत. रानात गेलात तर प्राणी शोधत बसू नका, तो दिसणार नाही. त्याच्यामुळे बाकीचे कसे वागतात ते पाहा. माकड ओरडते कशाला, हरिण पाण्याकडे पाठ करत नाही ते का. कोणताही जीव एकटा नसतो. तो इतरांच्या वागण्यात सापडतो.

त्या संध्याकाळी त्यांना स्वतःचे वाक्य नकोसे झाले.

३

डास खरोखरच होते. बाईंनी त्यांच्याकडे आजवर लक्ष दिले नव्हते, एवढेच. दिवेलागणीला माणूस उघड्यावर बसला की त्याच्या डोक्यावर डासांचा एक भोवरा फिरू लागतो. त्याच्या श्वासाची आणि अंगाच्या उबेची वर्दी त्यांना लागलेली असते. तसा एक भोवरा बाईंच्या डोक्यावर होता, विरळ आणि सुस्त. दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर होता. तो दाट होता. वेताच्या पाठीपेक्षा हातभर उंचीवर, बसलेल्या माणसाचे डोके जिथे यावे तिथे, तो संथपणे गरगरत होता.

कारणे शोधणे बाईंच्या हाडीमांसी खिळलेले होते. दिवसभराच्या उन्हाने वेत तापला असेल. त्यांनी खुर्चीवर गार पाण्यात भिजवलेले फडके पसरले. भोवरा हलला नाही. वेताला जुन्या तेलाचा वास असेल. त्यांनी खुर्ची साबणाने धुऊन काढली. भोवरा तिथेच राहिला. त्यांनी स्वतःची खुर्ची दूर ओढली, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा भोवरा त्यांच्याबरोबर गेला आणि तो दुसरा जागीच राहिला.

खुर्चीच्या हातावर, मनगट टेकण्याच्या जागी, एक डास बसला होता. मागचे पाय उचलून, सोंड खाली रोवून, रक्त पिताना बसतात तसा. बाईंनी त्याच्यावर हात मारला. तळहात पाहिला तेव्हा त्यावर टपोरा लाल डाग उमटला होता.

‘मला चावून तिथे जाऊन बसला असेल,’ बाई स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या. तर्क निर्दोष होता. मात्र तो डाग धुवायला त्या लगेच उठल्या नाहीत. हात मांडीवर उताणा ठेवून त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या, आणि त्यांच्या मनात जे होते त्याला भीती म्हणता आले नसते.

४

बाईंनी प्रयोग केला. तो त्यांनी कसा केला, हे सांगताना आजही त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होतो.

तळघरातल्या पाण्यातून त्यांनी बरणीभर अळ्या आणल्या. बरणीच्या तोंडावर मलमलीचे फडके बांधले. त्या अळ्यांचे कोश झाले आणि कोशांतून डास बाहेर पडले. अजून कोणाच्याही अंगावर न बसलेले, कोरे डास. मग त्यांनी माळ्यावरून पलंगाची जुनी मच्छरदाणी काढली, व्हरांड्याच्या छताच्या आकड्याला टांगली आणि त्या एका खुर्चीवर सोडली. कडा फरशीवर दगडांनी दाबल्या. बरणी आत नेऊन उघडली आणि त्या चटकन बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

ऊन उतरले. वरून हवाई दलाचे एक विमान घरघरत गेले. मधुमालतीचे पानही हलत नव्हते.

जाळीच्या आत डास आधी सैरभैर उडाले, मग खुर्चीकडे वळले आणि टेकले. कोणी हवेत टेकले होते, असे बाई म्हणत नाहीत. जाळीतून नीट दिसत नव्हते, एवढेच त्या म्हणतात. प्रकाश असेपर्यंत त्यांनी डास बारकाईने पाहून घेतले. ज्यांच्या मिशा पिसासारख्या, ते नर. नर चावत नाहीत, त्यांची पोटे चपटीच होती. माद्यांची पोटे लाल झाली होती. एकूण एक मादीची.

तेव्हा बाईंचे लक्ष जाळीकडे गेले. खुर्चीच्या पाठीसमोर, एका ठिकाणी, कापड किंचित आत ओढले जात होते आणि सुटत होते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जाळी सरळ पडण्याऐवजी कशावरून तरी वळसा घेऊन पडली होती. आणि फरशीपाशी, दोन दगडांच्या मधोमध, कापडाची कड बाहेर ढकलली गेली होती.

पद्माकररावांना मच्छरदाणी कधी सोसली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात रोज रात्री त्यांचा एक पाय जाळीबाहेर येई आणि रोज रात्री बाई तो आत सारून कड खोचत.

बाई उठल्या. गुडघे दुखत असतानाही खाली बसल्या. "अहो, पाय आत घ्या," त्या हळूच म्हणाल्या, "डास चावतील." मग आपल्याच बोलण्याचे त्यांना हसू आले, आणि डोळे भरून आले. त्यांनी कड खोचली. कापडाआडून बोटांना जे लागले ते थंड नव्हते.

५

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले, हे बाई लपवत नाहीत. चहा पुन्हा दोन कप होऊ लागला. डोणीत माशांची पिल्ले दिसू लागली, त्याची बातमी त्या जाळीला देत. आपला हात त्या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत ठेवत. काही वेळाने जाळी त्या हातावर येऊन टेके, आणि हात हळूहळू गार पडे. थोडा गार पडला तर काय बिघडले? पूर्वीही त्यांचेच हात गार आणि यजमानांचे ऊबदार असत, आणि त्यावरून थट्टा होई.

नेहमीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "टीचर, तुमच्या अंगात रक्त फार कमी झालंय. जेवता की नाही?" बाईंनी गोळ्या घेतल्या. पायऱ्या चढताना दम लागतो, तो वयाचा, असे त्यांनी ठरवले.

याच सुमारास मुलगा मकरंद आपल्या बायकोला घेऊन आला. तो होसकोट्याच्या एका कारखान्यात अभियंता होता आणि तिथेच भाड्याने राहत होता. यशश्रीला सातवा महिना लागला होता. तिच्या माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूकडे करायचे ठरले होते.

मकरंदने सामान ठेवले, व्हरांड्यात पाहिले आणि कपाळाला हात लावला. "आई, हे काय? खुर्चीला मच्छरदाणी? डास आत आणि माणसं बाहेर!"

"प्रयोग चालू आहे."

"कसला प्रयोग? डेंग्यूचा सीझन आहे, हिला सातवा महिना, आणि तू घरात डास पाळतेस! मी उद्या फवारणीवाल्याला बोलावतो. आणि ती खुर्ची भंगारात टाकू. विणकाम सुटलंय तिचं."

"खुर्ची जागची हलायची नाही," बाई म्हणाल्या. "डास मी बाहेर काढते. तळघरातल्या पाण्यात मासे सोडते. पण खुर्ची नाही."

आईचा हा स्वर मकरंदला पाचवीपासून परिचित होता. तो सामान उचलून आत गेला. बाईंनी शब्द पाळला. डास नाहीसे केले. जाळी मात्र काढली नाही. जाळी नसती तर त्या जागी काहीच दिसले नसते.

रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांना मात्र एक प्रश्न छळू लागला. कोणताही जीव हवेवर जगत नाही. गवतापासून वाघापर्यंत प्रत्येकजण कोणाकडून तरी घेतो, तेव्हा कुठे त्याच्या अंगात ऊब राहते. हे त्यांनी हजारो मुलांकडून घोकून घेतले होते. त्या जाळीतल्या जीवाच्या अंगात रक्त होते. तर मग ते कोणाचे?

उत्तर त्यांना बहुतेक कळले होते. पण बहुतेक कळणे म्हणजे कळणे नव्हे. आपला अशक्तपणा वयाचा की त्या बसण्याचा, हे ठरवायचे तर तुलना हवी होती. एक दिवस त्या जागी आपण नको. दुसरे कोणी हवे.

आणि इथे बाईंच्या हातून ती गोष्ट घडली. जे पुरावा मागत नाहीत त्यांच्याकडून ती कधी घडली नसती. तसे लोक घाबरले असते, पळाले असते, आणि कोणाचे काही बिघडले नसते.

६

"यशश्री, मी जरा सोयराबाईंकडे जाऊन येते. व्हरांड्यात वारा छान आहे, माझ्या खुर्चीत बस. मी येईपर्यंत उठू नकोस."

"बसते की आई. नाहीतरी घरात कंटाळाच येतो. काही लक्ष ठेवायचंय का?"

"काही नाही. नुसती बस."

सोयराबाईंनी केळ्याच्या फुलाची भाजी चाखायला दिली, सुनेच्या डोहाळ्यांविषयी विचारले आणि मुलगा होणार की मुलगी यावर एक लांबलचक सिद्धांत मांडला. बाईंचे लक्ष नव्हते. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिल्यांदा परीक्षानळी दिल्यावर तिला वाटावी तशी उत्सुकता त्यांना वाटत होती. मग ‘सात महिन्यांची पोटुशी, तिला एकटी कुठं ठेवून आलात अक्का?’ असे सोयराबाई सहज म्हणाल्या, आणि ती उत्सुकता एकदम गोठली. बाई उठल्या. निरोप न घेता निघाल्या.

फाटकातून त्यांना व्हरांडा दिसला. उजेड अजून पुष्कळ होता.

यशश्री खुर्चीत मान कलती करून झोपली होती. चेहऱ्यावर मंद हसू होते. कोणी केसांवरून हात फिरवत असताना झोप लागावी तसे. तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

जाळी सरळ लोंबत नव्हती. ती आपल्या खुर्चीवरून यशश्रीच्या बाजूला ओढली गेली होती, ताणली गेली होती. खालचे दगड सरकले होते. आणि यशश्रीच्या पोटापाशी, अगदी पोटाला लागून, त्या पांढऱ्या कापडाला आतून एक फुगवटा आला होता. गोल, माणसाच्या डोक्याएवढा, थोडा तिरपा.

म्हाताऱ्या माणसाने वाकून, कान लावून, आतले काही ऐकावे तसा.

"अहो!" बाई ओरडल्या.

फुगवटा दचकला. बाई दुसरा शब्द वापरत नाहीत. जाळी सळसळत मागे गेली आणि सरळ झाली. बाईंनी सुनेचा हात धरला, तो डोणीच्या दगडासारखा गार लागला.

यशश्रीने डोळे उघडले. "आई… किती छान झोप लागली." मग तिने पोटावर हात ठेवला, दाबला, दुसरीकडे ठेवला. हसू मावळले. "आई, बाळ हलत नाहीये. मघापर्यंत सारखं लाथा मारत होतं. आई, हलत का नाहीये?"

७

रिक्षा मिळाली. येलहंक्याच्या रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी बाईंना आयुष्यात प्रथमच शत्रूसारखी वाटली. "अण्णा, बेग होगी, लवकर चला," असे त्या रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि सुनेचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळत होत्या. स्वतःचेच हात गार. त्यांनी ऊब कुठून द्यावी?

दवाखान्यात यंत्र पोटावर फिरले. काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग खूप खालून, संथ, ठोके येऊ लागले. डॉक्टरीणबाई कपाळाला आठी घालून ऐकत राहिल्या. यशश्रीला सलाईन लावले, कुशीवर वळवले, गोड दूध पाजले. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी देवाकडे काही मागितले नव्हते; त्या दिवशी मागितले, पण देवाकडे नव्हे. डोळे मिटून त्या मनात म्हणत होत्या, ‘घेतले असेल ते परत द्या. माझ्याकडून हवे तेवढे घ्या, पण हे परत द्या.’

"हललं!" यशश्री रडत हसली. "आई, हात ठेवा, इथं!"

बाईंनी हात ठेवला. तळहाताला आतून एक ठोसा बसला. चांगला सणसणीत.

"दोघंही ठीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हिचं रक्त एवढं कसं उतरलं? मागच्या आठवड्यात उत्तम होतं."

मकरंद होसकोट्याहून धावत आला, तोवर यशश्री जेवत होती. सगळे ऐकून त्याने विचारले, "तिला तिथं कोणी बसवलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मकरंद एकदम आईकडे वळला. यशश्रीनेच त्याच्या हातावर हात ठेवला. "आईंना काही बोलू नकोस." मग, तो औषधे आणायला गेल्यावर, ती हळूच म्हणाली, "आणि तुम्हीही त्यांना रागावू नका, आई. त्यांना कळलं नाही. बाळाच्या जवळ यायचं होतं, एवढंच."

"कोणाला?"

यशश्रीने पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी यशश्री घरी आली. ऊन होते. बाईंनी तिला आतल्या खोलीत, दाराशी खुर्ची देऊन बसवले, मकरंदला व्हरांड्यात बोलावले आणि मच्छरदाणी आकड्यावरून सोडवून घडी करून ठेवली. खुर्ची आता नुसती खुर्ची दिसत होती. पाठीचे विणकाम सुटलेली, जुनी, रिकामी.

"टाकायची ना?" मकरंदने विचारले.

"नाही. गच्चीवर न्यायची. आधी मी काय सांगते ते सगळ्यांनी ऐका." बाई ताठ उभ्या राहिल्या. त्या मुलाकडे नव्हे, खुर्चीकडे पाहत होत्या. "गच्चीचे दार बंद राहील आणि किल्ली माझ्या कमरेला. यशश्री वर येणार नाही, बाळ कधीही वर येणार नाही. मी येईन, रोज नाही. जेवण पोटात असेल, अंगात ताकद असेल, त्या दिवशी येईन आणि बसेन. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी वाट पाहायची. खाली उतरायचे नाही."

मकरंद काही बोलणार होता; दारातून यशश्रीने मान हलवून त्याला थांबवले.

"आणि बाळ झाल्यापासून सव्वा महिना मीही येणार नाही." इथे बाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "घरात ओली बाळंतीण असेल. माझ्या अंगातले सगळे तिला आणि बाळाला लागेल. तेवढे दिवस तुमचे कसे होईल, मला ठाऊक नाही. मी पुस्तकांत शोधले. हे कुठे लिहिलेले नाही. कदाचित तुम्ही उरणार नाही. तरीही हे असेच करायचे आहे. यशश्री?"

"मान्य आहे, आई."

"मकरंद?"

"आई, मला यातलं काही…" त्याने आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. "बरं. मान्य. खुर्ची गच्चीवर, किल्ली तुझ्याकडे. सरी, ठरलं."

"मग उचल."

मकरंदने वाकून खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उचलायला जोर लावला. खुर्ची हलली नाही. त्याने पाय रोवले, दम धरला, पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. वेताचे चारही पाय फरशीला चिकटल्यासारखे राहिले.

"हे काय आहे आई? वेताची खुर्ची इतकी जड?" तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

बाई पुढे झाल्या. खुर्चीसमोर, जिथे गुडघे असायला हवेत तिथून जराशा अंतरावर, त्या थांबल्या. त्यांनी पदर सावरला.

"अहो," त्या म्हणाल्या. इतका मऊ आवाज मकरंदने आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुमचे उत्तर राहिले. मान्य असेल तर उठा. गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. माझ्या खांद्याचा आधार घ्या, आणि जिना तुमचा तुम्ही चढा."

मग वेताची पाठ करकरली, सावकाश, दमल्यासारखी. बैठकीचा सैल पडलेला वेत किंचित वर आला. बाईंचा डावा खांदा एकदम खाली झुकला. त्यांनी दात आवळले आणि तो तसाच धरून ठेवला.

मकरंदने पुन्हा खुर्चीला हात लावला. ती एका हाताने उचलली गेली.